चाळीस माणसांचं भरीत

धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या गल्लीत आज कुणीतरी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजतंय. तो खरपूस धूर खिडकीतून आत आला आणि मी हातातलं काम तसंच ठेवून बसून राहिले. सोनगीरला दिलेली माझी थोरली बहीण, अक्का, या दिवसांत हटकून आठवते.

लोक नेमकं कशाला हसतात, हे मला लहानपणापासून उमगत नसे. बोललेला शब्द मी जसाच्या तसा धरायची. याला स्वमग्नता म्हणतात, हे गेल्या वर्षी जळगावच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तोवर चाळिशी उलटली होती, आणि ते ऐकायला अक्का राहिली नव्हती. घरच्यांनी मला कधीच 'भोळी' ठरवून टाकलं होतं. अक्का मात्र पाहुणे गेले की मेथी निवडत माझ्याजवळ बसायची आणि एकेक विनोद उलगडून सांगायची. "ते खोटं नव्हते बोलत, पण खरंही नव्हते बोलत," असं ती म्हणे. या दोहोंच्या मधेही माणसं राहतात, हे मला तिच्यामुळे कळलं.

एकदा अक्काचे यजमान, भाऊजी, आमच्याकडून निघताना म्हणाले, "रविवारले बठ्ठा गाव लई येस, भरीत करी ठेव." अख्खं गाव घेऊन येतो म्हणाले, म्हणून मी चाळीस माणसांचं भरीत केलं. रविवारी आली ती अक्का आणि भाऊजी, दोघंच. भरताची परात पाहून भाऊजींना हसू आवरेना. माझा चेहरा पाहून अक्काने पदर खोचला आणि गल्लीत दारोदार सांगून आली, "जेवायला या. माझ्या बहिणीने केलंय." तासाभरात अंगण भरलं. वाढता वाढता भाऊजी स्वतःचीच फजिती सांगत होते, आणि मी सगळ्यांबरोबर हसत होते.

पुढे अक्का आजारी पडली. शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाली, "आता मी मोठ्या सुट्टीवर चालले बरं."

"किती दिवसांची?" मी विचारलं.

ती ठसका लागेपर्यंत हसली. आता समजावेल म्हणून मी थांबले. तिने नुसता माझ्या केसांवरून हात फिरवला. "राहू दे," म्हणाली.

तिचे दिवस उरकून धुळ्याला परतताना बसमध्ये, सोनगीरचा किल्ला मागे पडत असताना, ती 'मोठी सुट्टी' मला कळली. कुणी न सांगता कळलेला तो माझा पहिलाच विनोद. आणि कळला, हे ज्याला सांगावं असं माणूस एकच होतं.