लाल गाडीचा खुलासा

मला लाल रंगाची, दोन माणसांची स्पोर्ट्स कार हवी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ मी हे वेळेवर कुणाला सांगितलं नाही म्हणून झाला.

भोकरदनला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पोरींची शिष्यवृत्ती. उरलेल्या वेळात मी आमच्या गटाची पत्रकं लिहिते. गट म्हणजे आम्ही सात-आठ जण, आणि आमचं भांडण एकाच रस्त्यासाठी आहे. केदारखेड्याजवळ एक फाटा फुटतो. तिथून आमच्या गावाकडं कागदावर दोनदा डांबरी रस्ता झालाय, जमिनीवर एकदाही नाही. बाळंतपणाला अडलेली बाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून फाट्यापर्यंत आणावी लागते, कारण अँब्युलन्सवाला आत यायला तयार नसतो. मी त्याला दोष देत नाही. ज्यांनी रस्ता खाल्ला त्यांना देते. दर चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गर्दी लोटते, तिथं आम्ही पत्रक वाटतो. लिहायचं काम माझं. पोरीच्या लिहिण्यात मिरची आहे असं लोक म्हणतात.

अशा पोरीला स्पोर्ट्स कार कशाला पाहिजे?

मी चार वर्षं चाकणला एका कारखान्यात होते. गाडीच्या दाराला कडेनं जी रबराची पट्टी असते, ती तपासायचं काम. पट्टी हातात घ्यायची, बोटानं चाचपायची, चीर लागली की बाजूला टाकायची. अख्खी गाडी आमच्या नजरेला पडायची नाही. एकदा पट्टी नीट बसते का हे बघायला एक गाडी आणली. लाल, बुटकी, जमिनीला पोट टेकल्यासारखी. साहेबांनी मला आत बसवलं, दार लावून घे म्हणाले, बाहेरचा आवाज येतो का ते सांग. मी दार ओढलं. प्रेस मशिन, फोर्कलिफ्टचा भोंगा, सुपरवायझरचं ओरडणं, सगळं एका क्षणात थांबलं. साहेब काचेवर टकटक करत होते आणि मी नुसती बसून होते. आमच्या घरात, कारखान्यात, खोलीवर, कुठंच मला तोपर्यंत असं दार मिळालं नव्हतं जे लावलं की लागतं.

यंदा संभाजीनगरच्या जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडं तसलीच गाडी आल्याचं मोबाइलवर दिसलं. दोन मालक झालेली, एका चाकावर ओरखडे, पण तीच. किंमत म्हणजे चाकणची चार वर्षं आणि दुकानाची पाच, बँकेत होतं नव्हतं तेवढं सगळं. आई त्याला माझ्या लग्नाचे पैसे म्हणते. डीलर म्हणाला, सोमवारी संध्याकाळपर्यंत थांबतो, मंग दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.

तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. लोकांच्या फॉर्मात जन्मतारखेच्या रकान्यात मोबाइल नंबर टाकायला लागले. गावाकडं जाताना ॲपे रिक्षा खड्ड्यात आदळली की माझ्या गाडीचं पोट घासल्यासारखं वाटायचं, आणि गाडी तर अजून माझी नव्हती. आईचे गुडघे गेलेत. दुकानाची जागा भाड्याची. उद्या मालक म्हणाला, खाली करा, तर मी काय गाडीत बसून फॉर्म भरणार होते? मनातल्या मनात हिशोब जुळेना, कारण मला मनात विचारच करता येत नाही. मला पत्रकात विचार करता येतो.

म्हणून बुधवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी स्वतःविरुद्ध पत्रक लिहिलं. स्वतःला शरम वाटावी आणि विषय मिटावा, एवढ्यासाठी. "आपल्या तालुक्यातील एक इसम लाल रंगाची शर्यतीची गाडी घेऊ पाहत आहे. ज्या रस्त्यावर अँब्युलन्स येत नाही, त्या रस्त्याच्या गावात हे थेर. हा पैसा आला कुठून, याचा जाब जनतेने विचारलाच पाहिजे." असं पानभर. इसम, कारण आमच्या पत्रकात नेहमी इसमच असतो. लिहून झालं, वाचलं, आणि खरं सांगते, झकास जमलं होतं. शरम मात्र वाटली नाही. गाडी तेवढीच हवी होती.

आता चूक कुठं झाली ते. माझ्या पेन ड्राइव्हवर 'छापणे' नावाचा फोल्डर आहे. त्यातलं जे सगळ्यात शेवटी ठेवलेलं असेल ते आमचे छापखान्यातले चाचा छापतात, कारण शेवटची फाइल ती सुधारलेली, असं आमचं वर्षानुवर्षांचं ठरलेलं. चतुर्थीचं खरं पत्रक मी आधीच त्यात ठेवलं होतं. बुधवारचं हे दुसरं हाताच्या सवयीनं त्याच फोल्डरात गेलं, आणि पेन ड्राइव्ह संध्याकाळी चाचांकडं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, चतुर्थी. मी राजूरला गेलेच नाही. ताप आलाय असं गटाला कळवलं आणि संभाजीनगरला जाऊन गाडी चालवून आले. दार लावलं. तोच आवाज, म्हणजे आवाज बंद. शेजारी बसलेला डीलरचा माणूस सारखा म्हणत होता, मॅडम गिअर बदला, गिअर बदला.

परत आले तर भोकरदनच्या स्टँडवर चहाच्या टपरीशी एक जण गुलाबी कागद मोठ्यानं वाचत होता आणि चार जण ऐकत होते. "हा पैसा आला कुठून," तो वाचत होता, आणि दुसरा म्हणाला, "बराबर हाये, इचारलंच पायजे." आता मला खरंच ताप आला असावा.

चाचांकडं धावत गेले. ते शांतपणे कागद कापत होते. छापण्याआधी एकदा वाचायचं तरी, असं मी म्हणाले. त्यांनी चष्मा वर केला.

"बेटा, हम तो छापनेवाले हैं. पढ़नेवाले अलग." मग माझं तोंड बघून म्हणाले, "क्यों, मात्रा गलत गयी क्या?"

एकही मात्रा चुकली नव्हती.

गटानंही, मी लिहिलंय म्हणजे पुरावा असणारच, म्हणून ते राजूरला वाटून टाकलं होतं. तो इसम कोण, यावर दोन दिवस तालुका बोलत होता. माझ्या दुकानात फॉर्म भरायला आलेले मलाच विचारायचे, ताई नाव सांगा की. मी म्हणायचे, शोध चालू आहे. एकाच्याही डोक्यात आलं नाही की ती मी असेन. बाईच्या जातीला लाल गाडी हवी असू शकते हे कुणाला सुचूच नये, याचा मला भीतीच्या वरताण राग आला, आणि त्या रागाचं करायचं काय ते कळेना, कारण इसम तर मीच लिहिला होता.

शनिवारी दुपारी बियाण्यांच्या दुकानाचा मालक माझ्या दारात येऊन उभा राहिला. चाळिशीतला, मवाळ माणूस. आमच्या गटाला दर वेळी चहा पाजणारा. तो खुर्चीवर बसला नाही. मागच्या आठवड्यात तो संभाजीनगरला गाडी बघायला गेला होता हे कुणीतरी पाहिलं होतं, आणि लोकांनी दोन आणि दोन चार केले होते.

"ताई, मी गेल्तो हे खरं हाये," तो म्हणाला. "आईला डायलिसिसला नेताना बसमधी लई हाल होऊन राह्यले, म्हणून मोठी गाडी पाह्यला गेल्तो. पांढरी. लाल न्हाई. आता लोक म्हणून राह्यलेत, रस्त्याच्या ठेक्यात माझी भागी हाये. काल एक जण दुकानात आल्ता, बियाणं हातात घेतलं अन् परत ठेवून गेला. तुमच्या पत्रकात आलं म्हणजे खोटं कसं असंल, असं माझा मेव्हणा मला इचारतो."

त्यानं हात जोडले. माझ्यापुढं, त्या माणसानं. मी उठून ते हात खाली केले आणि खुलासा काढते असं त्याला सांगितलं. तेव्हाही तोंडातून माझं नाव निघालं नाही.

रविवारी सकाळी गट सरांच्या ओट्यावर जमला. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, गट त्यांनीच उभा केलेला. मी सगळं सांगितलं: गाडी, फोल्डर, खोटा ताप. आमच्यातला सगळ्यात टवाळ म्हणाला, "मंग आम्हाला एक चक्कर तरी मारून आणशील का?" आणि दोघं-तिघं हसले. सर हसले नाहीत. त्यांचं म्हणणं, एकच ओळ छापू: सदर पत्रकातील मजकूर कोणत्याही व्यक्तीस उद्देशून नाही. दुकानदार सुटतो, गट वाचतो, आणि माझंही झाकलेलं राहतं.

ही ओळ ऐकून माझं डोकं सटकलं. आम्ही ज्यांच्याविरुद्ध लिहितो ती माणसं सापडली की हीच ओळ फेकतात. वर्षानुवर्षं आम्ही या ओळीची टर उडवत आलो. मी सरांना म्हणाले, हे छापलं तर लोक म्हणतील दुकानदारानं आम्हाला गप्प केलं, आणि त्याचं दुकान कायमचं बसेल. खुलाशात नाव माझंच जाईल. सर म्हणाले, मग विचार करून लिही, उद्या सकाळी पेपरात घालून वाटू.

लिहायला बसले. "ते पत्रक मी लिहिले होते आणि त्यातील इसम मीच आहे. बियाण्याच्या दुकानदाराचा या गाडीशी आणि रस्त्याच्या ठेक्याशी काहीही संबंध नाही. पैसा फॉर्म भरून आणि कारखान्यात काम करून आला." इथपर्यंत सरळ आलं. पण पुढची ओळ लिहिणं भाग होतं, कारण लोक पुढं तेच विचारणार: मग घेणार का? घेणार नाही असं लिहिलं तर चोर सापडल्यावर माल परत करतो तसं दिसलं असतं. घेणार असं लिहिलं तर माझाच कागद माझ्या तोंडावर. आणि ते बुधवारचं पत्रक पुन्हा काढून वाचलं तेव्हा कळलं की ते लबाड होतं. रस्ता खाणाऱ्यांचं त्यात नावनिशाण नव्हतं. मी सगळा रस्ता एका हौस असणाऱ्या माणसाच्या गळ्यात घातला होता.

शेवटी कागद घेऊन आईजवळ गेले. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती निवडायला घेतलेली मेथी बाजूला न ठेवता ऐकत होती. आता ती लग्नाच्या पैशांचा विषय काढणार, रडणार, मामाला फोन लावणार, या सगळ्याला मी उत्तरं तयार ठेवली होती. चांगली, धारदार उत्तरं.

"दोनच माणसं बसत्यात?" तिनं विचारलं.

"दोनच."

"मंग बरं हाये की. एक तू, एक मी." मेथीची एक काडी मोडून ती म्हणाली, "घे. माझ्या गुडघ्यांसाठी नको थांबू. पैसे तुझे हायेत."

मला वाटलं होतं आनंद होईल. झाला नाही. आठ दिवस मी आईशी, गटाशी, तालुक्याशी मनातल्या मनात भांडत होते, आणि आता अडवणारं कुणी उरलं नव्हतं. उरले होते पैसे, गाडी आणि मी. ठेव मोडल्यानंतरचं रिकामं खातं मला डोळ्यांपुढं दिसायला लागलं. एखादा दवाखाना, एखादं बंद पडलेलं दुकान, आणि हाताशी काही नाही.

खुलाशाची शेवटची ओळ मी अशी लिहिली: "गाडी घ्यायची की नाही हा माझा प्रश्न आहे आणि तो अजून सुटलेला नाही." चाचांनी या वेळी आधी वाचलं, दोनदा, आणि मग मशिन चालू केलं.

सोमवारी सकाळी तो कागद घरोघर गेला. बियाण्याच्या दुकानदाराचा दुपारी फोन आला, दुकानात गर्दी आहे म्हणाला, आणि गाडी घेतली की दुकानापुढं एकदा उभी करा, असंही. संध्याकाळी डीलरचा फोन आला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पासबुक.

"मॅडम, काय ठरलं?"

"नको," मी म्हणाले. "राहू द्या."

"बिलकुल नक्की?"

मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. पासबुक कपाटात साड्यांखाली ठेवायला गेले आणि तिथंच खाली बसले. सुटल्यासारखं वाटलं हे खरं, आणि कुणीतरी माझ्या हातातलं ओढून नेल्यासारखं वाटलं हेही खरं.

मंगळवारी सर दुकानात आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, गाडी नाकारली म्हणून. त्यांचे डोळे चमकत होते. मी पत्करलेल्या त्यागावर पुढच्या चतुर्थीला एक पत्रक काढू, असं त्यांचं म्हणणं. तरुणांपुढं उदाहरण राहील. मथळा त्यांनी लिहूनच आणला होता. मी तो वाचला. अशा मथळ्याखाली मी पुढं आयुष्यभर चालत राहणार होते.

"सर, त्याग-बिग काही नाही," मी म्हणाले. "मी भ्याले. पैसे संपतील म्हणून भ्याले. गाडी मला अजून हवी आहे."

सरांनी मथळ्याची चिठ्ठी माझ्या टेबलावरून उचलून परत खिशात ठेवली.

"बरं," ते म्हणाले. "पण हे काही छापायची गरज न्हाई."