अवेळी आंबा

आमची वहिनी फळाला स्थळासारखं तपासायची. बोळिंजच्या बाजारात सफरचंद हातात धरून विचारायची, "गाव कुठलं याचं? निघालं कधी?" फळवाला म्हणायचा, "मावशी, फळ घेताय की जावई?"

एका शिबिरात ती मॅक्रोबायोटिक आहार शिकली आणि आमच्यासाठी मॅक्रोवहिनी झाली. आपण राहतो तिथलं आणि त्या मोसमातलंच खायचं, हा तिचा नियम. शिबिराच्या पुस्तकात मात्र केळं वर्ज्य होतं. तिनं त्या ओळीवर सरळ काट मारली. "पुस्तक बर्फाच्या देशातलं. वसईत राहून केळं सोडायचं, तर खायचं काय, बर्फ?" उन्हात वाळवलेली सुकेळी तिच्या डब्यात कायम.

तिच्या वाढदिवसाला मी ऐटीत किवी नेली. "अहो भावजी, केवढ्या लांबून आली बिचारी! आधी पाणी द्या तिला." चहाबरोबर वेफर्स मागितले, की भाजलेल्या भोपळ्याच्या बिया पुढ्यात यायच्या. एकदा खिडकीतल्या ताटलीतल्या बिया मी परस्पर फस्त केल्या. त्या तिनं कुंडीत लावायला निवडून ठेवल्या होत्या. "आता वेलाला मांडव तुमच्या पोटावरच घालते," म्हणाली.

मग तिचंच पोट दुखू लागलं. "औषध डॉक्टरांचं, खाऊ माझा," म्हणत तिनं सगळे उपचार घेतले. मार्गशीर्षात डॉक्टरांनी दादाला बाजूला घेतलं. फार दिवस नव्हते. दादानं ते फक्त मला सांगितलं. वहिनी म्हणत होती, "वैशाखात पोटभर आंबा खाईन."

मी महाशहाणा. विरारभर हिंडून, स्टिकर लावलेला परदेशी आंबा शोधला आणि दादा घरी नसताना तिच्यापुढे धरला. वाटलं, हरखेल. तिनं आंब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गाव विचारलं नाही.

"म्हणजे भावजी, वैशाखाचं काही खरं नाही?"

"छे, सहज दिसला म्हणून..." एरवी माझ्या थापांना पूर येतो. त्या दुपारी एक धड जमली नाही.

"सुरी आणा," ती म्हणाली. दोन फोडी सावकाश खाल्ल्या. "गोड आहे हो." उरलेला मी स्वयंपाकघरात जाऊन खाल्ला. चिंचेसारखा आंबट.

फाल्गुनात वहिनी गेली. तोवर रोज दादाला बजावायची, "यंदा आंबा आगाशीच्या वाडीतूनच आणायचा हं!" दादा मान हलवायचा. असं म्हणताना ती माझ्याकडे बघायची नाही.