येऊन राहिलो

अष्टपैलू हा शब्द मला कधीच आवडला नाही. पेपरात तो छान दिसतो. संघात त्याचा अर्थ, पडेल ते काम करणारा. पुण्याच्या एका कंपनीनं क्रिकेट खेळण्यासाठी मला नोकरी दिली, तेव्हा मी चिखल्याच्या खाण कॉलनीतून तिथे गेलो. भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन तीनेक वर्षं झाली होती. तिकडे भंडारा कुठे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. चेंडू जुना झाला की माझ्या हातात द्यायचे, फलंदाजीला सातव्या नंबरवर पाठवायचे. मी कुरकुर केली नाही. नोकरी एका हंगामापुरती होती. कायम करायचं की घरी पाठवायचं, ते शेवटी ठरणार होतं.

कप्तान पक्का पुणेकर. कुणी चहाला हाक मारली की मी "येऊन राहिलो" म्हणायचो, आणि तो लगेच माझ्या आवाजात तेच म्हणून दाखवायचा. रोज. मला तो डोळ्यांसमोर नकोसा व्हायचा. आजही होतो.

हंगामाच्या शेवटच्या सामन्यात मी चार बळी घेतले. नंतर तीसच्या पुढे खेळत होतो. जिंकायला आठ धावा हव्या होत्या, जोडीला कप्तान. त्यानं कव्हरकडे चेंडू ढकलला आणि ओरडला, "ये!" मी पळत सुटलो, पळता पळताच ओरडलो, "येऊन राहिलो!" तो अर्ध्यावरून माघारी वळला. मी पोहोचलो तेव्हा तो क्रीजमध्ये बॅट टेकवून उभा होता, आणि मागे माझ्या टोकाला यष्ट्या उडाल्या होत्या. मी धावबाद झालो. सामनाही गेला.

ड्रेसिंग रूममध्ये मॅनेजरनं विचारलं. कप्तान म्हणाला, "सर, हा 'राहिलो' म्हणाला. म्हणून मी वळलो."

आमच्याकडे 'येतोय'ला असंच म्हणतात, हे मी समजावत बसलो. सगळे खो खो हसले. हंगामभर त्या वाक्याच्या नकला करणाऱ्याला त्याचा अर्थ कळत नव्हता? हे मी तिथेच विचारायला हवं होतं. आठवड्यानं घरी जायचं पत्र हातात पडलं.

बोलण्यावरून काढलं, एवढंच घरी सांगितलं. बाबांनी विचारलं, "काहून परत आला? काय बोलला होता तू?"

"येऊन राहिलो म्हटलं."

"मंग? बरोबरच त बोलला."

आता मी भंडाऱ्यात शाळेत खेळ शिकवतो. गेल्या वर्षी इथल्या एका स्पर्धेला पाहुणा म्हणून तोच कप्तान आला. माझा नंबर त्याला आयोजकांनी दिला. त्याचा फोन आला, "अरे, तुमच्या भंडाऱ्याच्या स्टेशनवर उतरलोय, वरठीला. आयोजकांची गाडी बंद पडली म्हणे. घ्यायला येतोस ना? तेवढ्याच जुन्या गप्पा होतील."

"येऊन राहिलो," मी म्हणालो.

मग चहा टाकला आणि खुर्चीत बसलो. फोन दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा उचलला. बाहेर ऊन मरणाचं होतं.

"अरे, तासभर उभा आहे मी इथे! येतो म्हणालास ना?"

"नाही कॅप्टन," मी अगदी पुणेरी मराठीत म्हणालो, "मी 'राहिलो' म्हणालो."