दोराला हात न लावण्याचे दिवस

बिबट्यानं माणूस मारला की त्याची गोष्ट आमच्या डोंगरात वर्षानुवर्षं फिरत राही. झाडावरून पडून मेलेल्याची गोष्ट कुणी सांगत नसे. पडला, एवढंच म्हणत आणि पुढच्या कामाला लागत. माझा नवरा झाडावरून पडून गेला. अक्षरं मला फार उशिरा आली, नातीच्या पाटीवर, आणि आली तेव्हापासून हे एक लिहायचं मनात होतं. नात म्हणते, आजी, देवाचं काहीतरी लिही. देवाचं लिहिणारे पुष्कळ आहेत.

तेव्हा जव्हारला महाराजांचं राज्य होतं. आमचा पाडा मोखाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर, संस्थानच्या हद्दीच्या अलीकडे. नवरा वांगणीकडचा. मुलीच्या बापाला देज द्यायला त्याच्या घरी काही नव्हतं, म्हणून तो घरजावई होऊन आमच्याकडे आला. देज देण्याऐवजी सासऱ्याच्या शेतात काही वर्षं कष्ट करायचे, ही आमच्यातली जुनी चाल. चाल जुनी असली तरी घरजावयाला कुणी सुखानं भाकरी खाऊ देत नाही. माझे दोन भाऊ तर हात धुऊन त्याच्या मागे लागलेले. तो काहीही करो, त्यांना हसायला निमित्त मिळे. त्यातलं सगळ्यात मोठं निमित्त म्हणजे त्याचा दोर.

भात आणि नागलीचं रोप टाकायची जागा आम्ही आधी भाजून घेतो. त्याला झाडाच्या फांद्या लागतात. पौष-माघात पुरुष ऐनाच्या झाडावर चढून पार शेंड्यापर्यंत फांद्या तोडतात आणि खाली बायका भारे बांधतात. फांद्या वाळल्या की त्या शेतात पसरायच्या आणि उन्हाळ्यात पेटवायच्या. याला राब म्हणतात. लिहायला सोपं आहे. वर लाल मुंग्या असतात. एक हात फांदीला, एक हात कोयत्याला, मुंगी झाडायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. तुटलेली फांदी सुटते तेव्हा झाड असं हलतं की खाली उभी बाई हातातला भारा टाकून वर बघते.

आमच्याकडचे पुरुष तसेच चढत, कमरेला लंगोटी आणि पाठीला कोयत्याची आकडी. माझा नवरा तसा चढत नसे. त्याचा बाप ऐनावरूनच पडला होता, आणि पाठ मोडून कितीतरी दिवस खाटेवर पडून राहिला होता. ते त्यानं पाहिलं होतं. म्हणून लग्नानंतर त्यानं पहिलं काम कुठलं केलं असेल तर आमच्या बांधावरची अंबाडी भिजवून तिचा वाख काढला आणि दोर वळला. एक बाजू तो वळी, दुसरी मी. आमचं नवेपण असं दोर वळण्यात गेलं. मला ते आवडलं होतं, हे लिहायला आता लाज कसली?

दोराचं एक टोक तो कमरेला बांधी. वर गेला की डोक्यावरच्या जाड बेचक्यातून दोर घाली आणि दुसरं टोक खाली सोडी. मी ते बुंध्याला दोन वेढे देऊन हातात धरायची. तो वर सरकला की ओढून घ्यायचं, बाजूला गेला की सोडायचं, पण हातभराच्या वर सैल ठेवायचं नाही. दोर लांब सोडला तर आधी माणूस पडतो आणि मग झटक्यानं त्याची कंबर मोडते, असं तो म्हणे. ज्या बेचक्यात दोर, त्याला कोयता लावायचा नाही. रोज सकाळी दोर उजेडात धरून बघायचा, कुठे वाख तुटलाय का, आणि मग दोघांनी दोन्हीकडून ओढायचा. मी ओढताना हसायची. तो हसत नसे, दात-ओठ खाऊन ओढी.

भाऊ काय काय बोलत! थोरला म्हणे, "आमचा जावाय चरायला गेलाय. दावं बायकोच्या हातात हाय, लांब नाय जायचा." धाकटा संध्याकाळी ओरडे, "सोडा रे जावायाला, पाण्याची वेळ झाली." एकदा नवऱ्याचा पाय खरोखर सुटला. तो दोरावर लटकला, मी वेढा सैल करत करत त्याला अलगद खाली उतरवला. माझे तळहात सोलून निघाले, त्याला मात्र ओरखडासुद्धा नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात माणूस वाचला म्हणून कोंबडं कापलं असतं. आमच्याकडे थोरला म्हणाला, "आयला, हिनं तर पोहरा काढल्यागत नवरा काढला." माझा बा पण हसला. नवराही त्यांच्यात हसला आणि मग माझ्या हातांना तेल लावत बसला.

दोन राब असे गेले. मग मला दिवस राहिले.

आमच्यात पोटुशी बाईनं दोराला हात लावायचा नाही. दोर वळायचा नाही, गुराचं दावं ओलांडायचं नाही, बांधलेलं सोडायचं नाही. तसं केलं तर पोटातल्या पोराच्या गळ्याला नाळ गुंडाळते. सूर्यमाळची एक सुईण आमच्याकडे यायची. फार मायेची बाई, अर्ध्या पाड्याची बाळंतपणं तिनंच केलेली. तिनं मला जवळ बसवून हे सांगितलं आणि जाता जाता नवऱ्यालाही सांगितलं, "बापानंबी अंगाला दोर गुंडाळायचा नाय हां. पोर हातात आलं की मग काय करायचं ते कर."

त्यानं त्याच दिवशी दोर गुंडाळून आढ्याला अडकवला.

माझं डोकं फिरलं. आमच्यात नवऱ्याला अहो-जाहो करत नाहीत, आणि मी तर भांडायला कधीच मागे नव्हते. ओढ्यावर पाण्याला गेलो तेव्हा हंडा खाली ठेवून मी त्याला म्हटलं, "तू दोर बांधल्याबिगर झाडावर चढायचं नाय."

"आणि पोराला काय झालं तर?"

"काय नाय होत."

"तुला कोणी सांगितलं?"

मला कुणीच सांगितलं नव्हतं. तो वाकून हंडा भरत होता. म्हणाला, "माझ्या हातात कोयता हाय, पायात जोर हाय. मी माझं बघीन. त्याच्याकडं काय हाय? पोटात हाय तंवर त्याचं बघणारे आपण दोघंच." मग हंडा माझ्या डोक्यावर न देता स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि चालू लागला. त्याला भीती वाटत नव्हती असं कुणी समजू नये. बापाची पाठ त्यानं चोळली होती. भीती वाटत होती, आणि तरी त्यानं ठरवलं.

भावांना आनंद झाला. जावई माणसात आला म्हणाले. धाकट्यानं त्याला आपल्या हातानं तंबाखू मळून दिली. नवऱ्याला बरं वाटलेलं मी पाहिलं. आमच्या घरात पहिल्यांदाच त्याला कुणी आपल्यातला म्हटलं होतं. मला ती तंबाखू त्याच्या हातातून झटकून टाकावीशी वाटली.

माघात काम जवळजवळ आटपलं होतं. राहिलेली झाडं ओढ्याच्या कडेची, उंच. मी शेजारच्या झाडाखाली भारा बांधत होते. भारा बांधायला वेल, दोर नाही. वरून तो ओरडला, "बाजूला हो." मी झाले. फांदी आली. ती जमिनीवर नीट टेकतेय न टेकतेय तोच तिच्यावर तो आला.

रक्त नव्हतं. डोळे उघडे होते, बोलत होता. त्यानं मला विचारलं, "माझे पाय कुठं ठेवले?" मी त्याचे पाय हातात धरून बसले होते. त्याला सांगितलं, हे बघ, माझ्याकडं आहेत. त्यानं मान हलवली, पण त्याला ते कळलं नाही. आणि मग कळलं. ते कळताना मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि बघायला नको होतं.

जव्हारच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. झोळी करायला घोंगडी होती, बांबू होता, बांधायला चांगलं काही सापडेना. थोरला भाऊ घरात गेला आणि आढ्याचा दोर काढून घेऊन आला. तोच खाली बसून गाठी मारू लागला. दोन्ही टोकांना मारल्या, ओढून बघितल्या, पुन्हा मारू लागला. गाठ त्याच्या मनासारखी बसेना, म्हणून मी पुढे झाले. आईनं माझा हात धरला. "तू नको लावूस हात," ती म्हणाली. मी उभी राहिले. दोर चांगला वळलेला होता. घाट उतरताना, ओढे ओलांडताना, जव्हारपर्यंत झोळी एकदाही घसरली नाही, असं थोरला मला नंतर म्हणाला. त्यापुढे त्यानं कधी कुणाची थट्टा केली नाही. मला त्याचा उपयोग नव्हता.

नवरा परत आला नाही. दवाखान्यात दुसऱ्या दिवशीच गेला.

मुलगी झाली ती आवणीच्या दिवसांत. त्यानं तोडलेल्या फांद्यांवर भाजलेल्या जागेत रोप वर आलं होतं आणि सगळे शेतात लावणीला होते. घरात मी, आई आणि ती सुईण. फार त्रास झाला. पोर बाहेर आली, रडली, सुईणीनं तिला उलटंसुलटं करून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "नाळ मोकळी हाय. गळ्याला काय नाय. बघ गं, दोराला हात नाय लावलास ना. बापानंबी लावला नाय. त्याची पुण्याई." आईनं डोळे पुसले. शेतातून बायका आल्या, त्याही तेच बोलल्या, माझ्या केसांवरून हात फिरवत, अगदी मनापासून. जणू तो उगीच गेला नाही, हे मला कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

मला ओरडून सांगायचं होतं की दोराचा आणि नाळेचा काही संबंध नाही, तो उगीच गेला, तुम्ही त्याला उगीच घालवलात. पण पोर माझ्या छातीशी होती आणि तिचा गळा मोकळा होता. तिच्या गळ्याला नाळ असती तरच मला म्हणता आलं असतं, की बघा, दोर सोडून काय मिळालं? म्हणजे माझ्या नवऱ्याच्या बाजूनं एक शब्द बोलायला मला माझ्या मुलीच्या गळ्याला फास हवा होता. तो मला नको होता. म्हणून मी काहीच बोलले नाही, आणि त्यांनी मी कबूल केलं असं धरलं.