मुकुंद मिडल पास झाला

आमच्या नरहरकाकांना घर सोसत नसे. शहरातल्या जामबाग मोहल्ल्यातलं घर चांगलं हवेशीर होतं, वासंतीकाकूच्या हाताला चव होती, नोकरी सरकारी होती. पण दौऱ्यावरून येऊन चार दिवस झाले, की हा माणूस येरझाऱ्या घालायला लागायचा. जमीनमोजणी खात्यात कारकून होते ते. बाकीचे कारकून दौरा टळावा म्हणून साहेबांच्या मिनतवाऱ्या करायचे, आमचे काका दौरा मिळावा म्हणून करायचे. वरंगळकडची आडगावं, तिथला हिवताप, चिंचेच्या सारावरचा भात, सगळं त्यांना मानवायचं. परत यायचे ते चक्क अंगानं भरून! मला भारी राग यायचा. मी त्यांची पुतणी लीला, त्याच घरात वाढलेली. काकूचे एकटीचे महिने मी पाहिले होते.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, निदान तसं वाटत होतं. मानमोडीच्या साथीत त्यांचा एकुलता एक मुकुंद गेला, सहा वर्षांचा. त्यानंतर काका गल्लीत दिसले की बोलणारे गप्प व्हायचे. शेजारचे वकील उगाचच त्यांच्या पाठीवर हात ठेवायचे. घरात तर काकूनं खुंटीवरचा त्याचा सदराही हलवला नव्हता. अशा घरातून माणूस पळेल नाही तर काय! पण काकूनं कुठं पळावं, हे कुणी विचारलं नाही.

साथीला सात-आठ वर्षं उलटली असतील. काका कचेरीत गेलेले असताना एक म्हातारा दारात उभा राहिला. डोक्याला पागोटं, हातात गाठोडं. वरंगळकडच्या एका गावचा पटेल, राजय्या. अदालतीच्या कामाला शहरात आला होता. काकू दाराआड उभी राहिली, मी पुढे झाले.

"मुकुंदबाबू कां हैं, अम्मा?" त्यानं विचारलं. "मिडल पास हुए बोलके साब बोले. उनके वास्ते उपरना लाया. हमारे गांव में बुने सो है जी."

काय ते सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तोच मागून काकूचा आवाज आला.

"स्कूल कू गया जी. बैठो, पानी पिओ."

मग त्याचे साब, म्हणजे आमचे काका, मुलाबद्दल काय काय सांगतात, ते ती विचारत बसली. म्हातारा खुलला. मुकुंद बापाच्या खांद्याला लागलाय. फारसी चांगली आहे, हिशेबात कच्चा. गेल्या साली झाडावरून पडून हात मोडला, आता बरा आहे. कारलं अजून पानात घेत नाही. काका गावात पोचले, की लोक आधी मुकुंदची खुशाली विचारायचे म्हणे. हात मोडल्याचं ऐकून काकू "अगं बाई!" म्हणाली. मला रडू आवरेना, मी आत गेले.

अनोळखी गावांत काकांना इतकं बरं का वाटायचं, ते मला तेव्हा कळलं. मुकुंद गेल्याचं तिथे कुणाला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी काका आले. बैठकीतलं उपरणं त्यांनी पाहिलं, राजय्या आला होता हे ऐकलं आणि ते बूट न काढताच खाली बसले. मला वाटलं, आता काकू त्यांना फाडून खाणार. खावंच, असंही वाटलं.

"इतकी वर्षं तो तिकडे मोठा होत होता," काकू म्हणाली, "आणि मी इथे सहा वर्षांच्या पोराला धरून बसले. मला एकदा सांगायचंत तरी."



"आता सांगा," ती जवळ सरकली. तिचा चेहरा मी कित्येक वर्षांत इतका उजळलेला पाहिला नव्हता. "मिसरूड फुटलंय का त्याला?"

परक्या गावांत इतकी वर्षं न अडखळता बोललेला तो माणूस, पण स्वतःच्या घरात त्याला शब्द फुटेना.

"तो गेला गं," काका शेवटी म्हणाले.

त्या घरात आजवर हे कुणी उच्चारलं नव्हतं. काकूनं हंबरडा फोडला. मुकुंद गेला त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती.