गेरू-चुना लावलेलं जांभूळ

"कसं दिसतंय, ताई?" चिंधूनानांनी विचारलं. नाना अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या या वाडीचे पोलीस पाटील.

नदीकाठचं ते जुनं जांभूळ, ज्याच्यासाठी मी केडगावहून गाडी हाकत आले होते, ते कमरेपर्यंत गेरूनं रंगवलेलं होतं. त्यावर चुन्याचा पांढराशुभ्र पट्टा.

"हे कुणी केलं?"

"आमीच. सारी वाडी सकाळधरनं लागली हुती. फोटो सायबांम्होरं जानार. मंग त्याला असंच पारोसं ठेवायचं व्हय?"

हसावं की रडावं कळेना. मी फोटोग्राफर. लग्नसराईवर पोट चालतं आणि पावसाळा सरत आला की डोंगरातल्या नद्या आणि जुनी झाडं टिपायला बाहेर पडते. हे काम मात्र हौसेचं नव्हतं. वाडीचा रस्ता रुंद होणार होता आणि जांभूळ मध्ये येत होतं. कागदावर त्याची नोंद 'रस्त्याकडेला लावलेलं झाड' अशी. ते रस्त्याच्या कितीतरी आधीचं, रानात आपोआप वाढलेलं आहे हे दिसलं, तर रस्ता वळवायचा विचार होणार होता. बैठक दोन दिवसांवर. साहेबलोक वर चढून येणार नव्हते, फोटोच जाणार होते.

झाडं वाचवणाऱ्या ज्या संस्थेनं मला पाठवलं, तिथल्या वैद्य मॅडमनी बजावलं होतं, "झाड जंगली दिसलं पाहिजे. फ्रेममध्ये वायर नको, माणूस नको."

आणि इथं झाड नवरदेवासारखं नटून उभं.

"नाना, अहो, सरकार रस्त्याकडेच्या झाडांना हाच रंग लावतं! साहेब म्हणतील, आमचंच झाड आहे, आम्हीच तोडतो."

नानांचा चेहरा खर्रकन उतरला. मलाच वाईट वाटलं. इतक्या प्रेमानं केलेल्या कामावर मी ओरडत होते.

नानांची आई, ठकूबाई, बांधावर बसली होती. वाडीत नवी नवरी आली की ती नदीची पहिली घागर या जांभळाच्या मुळाशी ओतते. ठकूबाईनंही ओतली होती, तिच्या सुनांनीही.

"त्वांडं काय बघताय येकमेकांची?" ती म्हणाली. "नदी हाय की म्होरं. घागरी आना."

नदीपासून बुंध्यापर्यंत बायकांची रांग लागली. घागरी हातोहात वर जाऊ लागल्या. नाना आणि दोघं-तिघं काथ्यानं बुंधा घासत होते. गेरू लाल ओघळ होऊन वाहून गेला. चुन्यानं दमवलं, पण तोही निघाला.

ऊन कलायला लागलं. मी ट्रायपॉड घेऊन पात्रात उतरले. ट्रायपॉड म्हणजे कॅमेऱ्याची तिवई. शटर दोनेक सेकंद उघडं ठेवलं तर वाहतं पाणी दुधासारखं दिसतं, पण तेवढा वेळ कॅमेरा हलता कामा नये. आणि जे हलेल ते पुसट येतं.

खालून पाहिलं आणि माझा जीवच हरखला. रस्त्यावरून साधंसुधं दिसणारं ते झाड खाली कातळाला मुळांनी मिठी मारून बसलं होतं. एकेक मूळ माणसाच्या मांडीएवढं.

पण फ्रेममध्ये ही भलीमोठी रांग, आणि बुंध्याशी बायकांचा घोळका.

"बाजूला व्हा! फोटो काढतेय!" मी ओरडले.

नदीच्या आवाजात त्यांना एकच शब्द ऐकू गेला: फोटो. सगळ्या जागच्या जागी थांबल्या. घागरी कमरेवर, माना ताठ, नजर कॅमेऱ्याकडे. लग्नातल्या ग्रुप फोटोसाठी उभं राहतात तशा. मी कपाळावर हात मारणार होते, पण स्क्रीनकडे बघितलं आणि मुकाट्यानं बटण दाबलं. पाणी धावत होतं. झाड आणि बायका स्थिर.

नंतर मॅडमना हवा तसा, माणसाविना फोटोही काढला. परतताना राजूरला रेंज आल्यावर दोन्ही पाठवले.

लगेच फोन. "माणसं नको म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं."

"मग?"

"ती काढली की झाड केवढं आहे तेच कळत नाही, मॅडम. बुंध्याला लागून पाच बायका उभ्या आहेत, तरी दोन्हीकडं बुंधा उरलाय."

"दोन्ही लावते," त्या म्हणाल्या.

बैठकीत घागरींच्या फोटोवरच सगळे थांबले, असं त्यांनी नंतर सांगितलं. कातळाला धरून वाढलेलं एवढं झाड रस्त्याकडेला कुणी लावलंय, असं कुणालाच म्हणता येईना. रस्ता वळला.

तेव्हापासून कुठंही जायच्या आधी मी फोन करून सांगते, आहे तसं राहू द्या, काही सजवू नका. आणि माणसं फ्रेममध्ये आली तर लगेच हाकलत नाही.

पुढच्या वर्षी पाऊस सरल्यावर पुन्हा गेले. नव्या रस्त्याकडेची सगळी झाडं गेरू-चुन्यानं रंगलेली. रंगवणारा माणूस बादली घेऊन वळणावर अडकला होता. जांभळाच्या बुंध्याशी ठकूबाई पाय पसरून बसलेली.

"आजी, सरका की. एवढंच झाड राहिलंय."

"ह्याला न्हाई लावायचा," ठकूबाई म्हणाली. "फोटोवाली ताई लई वरडती."

मी गाडीतून उतरले नव्हते अजून. तिथूनच फोटो काढला, माणसांसकट.