पेशंटच्याच शब्दांत

वाशिमात एका मानसोपचार ओपीडीत मी बारा वर्षं सिस्टर आहे. पेशंट जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, असा आमच्या डॉक्टरांचा नियम. लिहिता लिहिता केसपेपर भरतो, आणि एखादं वाक्य आपल्यासोबत घरीही येतं.

*

रिसोडकडचे एक निवृत्त गुरुजी होते. आजार वाढला की यमकं जुळवत सुटायचे. डॉक्टरांनी नाव विचारलं, तर म्हणाले, "नाव, गाव, भाव, घाव, धाव, डाव..." डॉक्टर कुणाला मधे तोडत नाहीत. पाच मिनिटं ऐकत बसले. शेवटी गुरुजीच घाम पुसत म्हणाले, "सर, थांबवा ना मले. माह्यानं थांबणं होऊन नाही राह्यलं."

*

कमलाबाई विचारलेलंच परत म्हणायच्या.

"झोप लागते?"

"झोप लागते?"

"जेवलात का?"

"जेवलात का?"

दुपारचे अडीच वाजले होते. डॉक्टर सहज म्हणाले, "मी नाही जेवलो अजून."

कमलाबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग जेवून घ्या ना पहिले. आमी बसतो."

*

रिठदचा गजानन. वांगी-टमाटे लावायचा. त्याच्या डोक्यात 'चिरगम' व्हायची. शब्द त्याचा त्यानंच बनवलेला. दुखणं नाही, आवाज नाही, नुसती चिरगम. मीही लिहायचे: या महिन्यात चिरगम कमी.

नवीन डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी त्याच्या बायकोला विचारलं, "चिरगम म्हणजे नेमकं काय होतं?"

"पहिले मलेबी समजत नव्हतं मॅडम," ती म्हणाली. "आता तं माह्या सासूलेबी चिरगम होते."

*

वंदना तिशीची. आईसोबत यायची. चार वर्षांत तिच्या तोंडून मी एक शब्द ऐकला नव्हता. मी विचारायचे तिला, सांगायची आई. "झोपते. दोन पोळ्या खाते. गोळी घेते. बोलत नाही."

एकदा आल्या तेव्हा आईच्या गळ्याला पट्टी. गाठीचं ऑपरेशन झालेलं, बोलायला मनाई. सवयीनं मी आईकडेच पाहिलं. तिनं गळ्याकडे बोट दाखवलं. आता लिहायचं काय, असा विचार करत होते, तेवढ्यात वंदना बोलली. आवाज घोगरा, शब्द स्वच्छ.

"माय झोपत नाही. पेजच पिते. गोळी घेते. बोलत नाही."

आईनं पदर तोंडावर घट्ट दाबला. मी जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आणि तू कशी आहेस, वंदना?"

तिनं आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ते माय सांगन."